धारेवरची दिवाळी

नरकचतुर्दशीच्या पहाटे हिमालयात, तुमलिंगला अभ्यंगस्नान होणं शक्यच नव्हतं. नळाच्या तोंडाशी बर्फाची बोटभर कांडी लोंबत होती, आणि लॉजवाल्या दिदीने चुलीवर तापवून दिलेलं अर्धी बादली पाणी दोघांनी वाटून घ्यायचं होतं. जबलपूरहून नेलेली उटण्याची पुडी मी सॅकच्या कप्प्यातून काढली, चिमूटभर उटणं पाण्यात कालवलं, धाकट्या भावाच्या मनगटांना लावलं, मग माझ्या. त्या कडाक्यातही नागरमोथ्याचा वास उठला आणि आईच्या हातांची आठवण आली.

अंगणात आले आणि थबकले. दिदी उंबऱ्याशी उकिडवी बसून कुत्र्याला ओवाळत होती.

काळं, झुलपांचं, मानेभोवती जाड आयाळ असलेलं पहाडी कुत्रं. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर दही-तांदळात कालवलेला लाल टिळा. ताटात निरांजन, फुलं आणि सेल रोटी. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात तूप-साखर घालून पीठ सैल करायचं आणि हाताने कडं धरत कढईत सोडायचं. अनरशाची चव आणि बांगडीचा आकार. कुत्रं टिळा होईपर्यंत मान ताठ धरून बसलं होतं. नुसती शेपटी जमीन झाडत होती. सेल रोटी पुढे आली तशी त्याने ती अलगद उचलली आणि घराच्या आडोशाला नेऊन पुढच्या दोन पायांत धरून खाल्ली.

“आज कुकुर तिहार,” आमचा गाईड म्हणाला. “काल कावळ्याचा दिवस झाला. आज कुत्र्याचा, उद्या गाईचा. यमाच्या दारात कुत्रे राखण करतात. त्यांना एक दिवस तरी मान द्यायला हवा.”

आमच्याकडे याच दिवशी यमतर्पण करतात. वडील दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडायचे. तीच तिथी आणि तोच यम. फक्त इथे त्याच्या दाराशी बसणाऱ्याचीही आठवण ठेवली जाते. युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत हिमालय चढला तो कुत्राच, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. ते ठाऊक असणं आणि त्या पहाडातल्या उंबऱ्यावर कुत्र्याच्या गळ्यात माळ पाहणं, यांत बराच फरक आहे.

आमचं घर जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये. स्टेशन इतकं जवळ की रात्री अंथरुणात पडल्यापडल्या गाडीच्या आवाजावरून ती मालगाडी की मेल, हे सांगता येतं. मुंबईकडून येणारे रूळ आणि कलकत्त्याकडून येणारे रूळ १८७० साली याच गावात एकमेकांना मिळाले. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटरवर. डोंगर म्हणून दाखवायची ती मदन महालची टेकडी, एकावर एक तोललेल्या ग्रॅनाइटच्या शिळांची. हिमालय आमच्या बोलण्यात फारसा येत नाही. नर्मदा मात्र रोज येते. इथल्या मराठी घरांतही कुणाचा ना कुणाचा काका, आत्या, शेजारी परिक्रमेला गेलेला असतो. अमृतलाल वेगड आमच्याच गावचे. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. १९७७ साली, पन्नाशीला टेकलेले असताना, ते नर्मदेच्या काठाने चालायला निघाले. सुट्या लागल्या की एकेक टप्पा, असं वर्षानुवर्षं चालले. मी शाळेत भूगोल शिकवायची तेव्हा मुलांना त्यांचं उदाहरण देई. चोपन्नाव्या वर्षी ते मी स्वतःला दिलं, आणि पुण्याच्या धाकट्याला फोन केला.

जबलपूर आणि हिमालय यांची एक जुनी गाठ आहे, ती मला या प्रवासाच्या तयारीत नव्याने भेटली. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचं नाव गाजलं तो विल्यम स्लीमन जबलपूरला असायचा. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये, तब्येत सुधारावी म्हणून, तो नर्मदेच्या काठावरून हिमालयाकडे निघाला. निघण्याआधी मंडळी भेडाघाटला संगमरवरी कडे पाहून आली. मग झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली असं मजल दरमजल करत त्याने वाटेतल्या शेतकऱ्यांशी, राजेरजवाड्यांशी, फकिरांशी झालेली बोलणी टिपून ठेवली. त्यांचं पुस्तक १८४४ साली निघालं. त्याच १८३५ च्या फेब्रुवारीत सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगचा डोंगर कंपनीला दिला होता, तोही आजारी गोऱ्यांना हवापालट करायला जागा हवी म्हणून. बरं वाटावं यासाठी डोंगर चढायचा, ही कल्पना तेव्हा नुकतीच रुजत होती.

याच स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला नावाच्या टेकडीत प्रचंड मोठी, दगड झालेली हाडं सापडली होती. ती डायनोसॉरची निघाली. भारतात सापडलेली ती पहिली. पुढे १८७७ मध्ये त्यांतल्या प्राण्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ असं नाव मिळालं. आमच्या गावातल्या टेकडीचं नाव शिमला, आणि तिच्या पोटात हिमालय जन्मायच्या आधीचे प्राणी! ते जनावर चरत होतं तेव्हा भारत हा समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा एक तुटलेला तुकडा होता. आशियाला धडकायला त्याला अजून एक-दीड कोटी वर्षं होती.

न्यू जलपाईगुडीला उतरून आम्ही जीप केली आणि ड्रायव्हरला मुद्दाम जुन्या हिल कार्ट रोडने न्यायला सांगितलं. मला तीनधारिया पाहायचं होतं. दोन फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीचा कारखाना तिथेच आहे, पण माझं कारण वेगळं होतं. या पट्ट्यात गोंडवानाचे थर आहेत, कोळशासकट. गोंडवाना हे नाव आमच्या भागाचं, गोंडांच्या मुलखाचं. भूगर्भशास्त्रज्ञ मेडलिकॉटने १८७२ मध्ये ते खडकांना दिलं, आणि पुढे एका अख्ख्या प्राचीन खंडाला तेच चिकटलं. राणी दुर्गावतीच्या मुलखाचं नाव ल्यालेला खडक इथे हिमालयाच्या पायथ्याशी दबलेला आहे. चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी रस्त्याकडेच्या कापावर हात टेकला. काळपट, ओला, हाताला भुगा देणारा दगड. त्याच्यावर, चढत जाल तसे, जास्त जुने, जास्त भाजलेले खडक लागतात. सगळ्यांत वर दार्जिलिंगचा चमकणारा पट्टेदार नाईस. जुना थर खाली आणि नवा वर, असं मी तीस वर्षं फळ्यावर काढत आले. इथे धडकेने सगळी चळत उलटीपालटी करून एकावर एक सरकवून ठेवली आहे. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट जीपच्या खिडकीतून, वळणावळणाने वर चढताना, खरी वाटली.

मानेभंज्यांग सुमारे दोन हजार मीटरवर. भंज्यांग म्हणजे खिंड. बाजारातल्या रस्त्याच्या एका बाजूची दुकानं नेपाळात, दुसऱ्या बाजूची भारतात. पन्नासच्या दशकातल्या लँड रोव्हर इथल्या चढावर पिढ्यान्‌पिढ्या धावल्या, अजूनही दिसतात. गावातच गाईड लोकांच्या संघटनेचं ऑफिस आहे. सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून सांदकफू-फालुटकडे चालायचं तर स्थानिक गाईड घेतल्यावाचून सोडत नाहीत.

धाकट्याला हे पटलं नव्हतं. “ताई, सांदकफूपर्यंत जीपचा रस्ता आहे. नकाशा आहे, फोनमध्ये जीपीएस आहे. पंचवीस वर्षं सह्याद्रीत हिंडतोय मी. वाट दाखवायला माणूस कशाला?”

तो माणूस काउंटरपाशी उभा राहून ऐकत होता. पन्नाशीचा, ठेंगणा, गालांवर थंडीने उमटलेल्या रेघा. मराठी कळायचं कारण नव्हतं, पण सूर कळला असावा. तो काही बोलला नाही. आधी त्याने आमच्या बुटांचे तळ पाहिले. मग विचारलं, “रक्तदाबाची गोळी कोण घेतं? रात्री झोप लागली का? सकाळी काय खाल्लं?” मग म्हणाला, “मला दाजू म्हणा. सगळे म्हणतात.” दाजू म्हणजे थोरला भाऊ. वयाने मी त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेन, पण तिथे अनोळखी बाईला सगळे दिदीच म्हणतात. त्यामुळे मी त्याची दिदी आणि तो माझा दाजू, असं दोन्ही बाजूंनी मोठेपण देऊन आम्ही निघालो.

चित्रेपर्यंतचा पहिला चढ उभा आहे. दाजू पुढे गेलाच नाही. तो मागून चालत राहिला, आणि दर वीस पावलांनी त्याचा एक शब्द कानावर यायचा: “बिस्तारै.” हळू. मला बरं वाटत होतं, धाकट्याला अडचण होत होती. त्याची चाल सह्याद्रीची. रायगडाचे दरवाजे घामाने भिजून, एका दमात गाठायची. चित्रेच्या बौद्ध मठापाशी तो आमच्याआधी पंधरा मिनिटं पोहोचून बसला होता. पुढे मेघमा गावात नावाप्रमाणे ढग. सगळी वाट राखाडी, फक्त मागून येणारा तो शब्द. तुमलिंगला पोहोचलो ती धनत्रयोदशीची संध्याकाळ. ढग खाली बसले आणि समोरच्या डोंगरावर दार्जिलिंगचे दिवे लागले. कुणी पणत्यांची रास ओतून ठेवावी तसे.

सिंगालीलाच्या या धारेचं वैशिष्ट्य असं की ती सरहद्द आहे आणि पाणलोटही. तुमलिंग नेपाळात, गैरीबास भारतात, मधली वाट कधी इकडे कधी तिकडे. सरहद्दीचे खांब दिसतात, सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र पाहतात, आणि त्यांच्या शेजारून एक आजी डोक्याला पट्टा लावून पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, घेऊन एका देशातल्या शेतातून दुसऱ्या देशातल्या घरी जाते. पश्चिमेकडे ओघळलेलं पाणी नेपाळातून गंगेला मिळतं. पूर्वेकडचं रंगीत आणि तीस्ता या नद्यांतून ब्रह्मपुत्रेला. जबलपूरकराला हे ओळखीचं आहे. आमच्या छपरावरचा पाऊस नर्मदेतून अरबी समुद्राला जातो, आणि शंभरेक किलोमीटरवर कटनीला पडलेला सोन नदीतून गंगेला. पण आमचा पाणलोट शेतातून, रेल्वे रुळांखालून कुठे जातो ते डोळ्यांना दिसत नाही. इथे तो पायाखाली असतो. वाटेच्या मधोमध उभं राहून मी बाटलीतलं घोटभर पाणी डावीकडे ओतलं, घोटभर उजवीकडे. दाजूने पाहिलं आणि म्हणाला, “प्यायचं ठेवा, दिदी.”

जौबारीचा उतार, गैरीबास आणि त्यापुढचा कैयाकाट्टाचा चढ, हा सगळा मालिंगो बांबूचा आणि गुरांसांचा पट्टा. गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ मध्ये या धारेवर, टोंगलूवर येऊन गेला. इथल्या आणि सिक्कीममधल्या गुरांसांचं त्याने केलेलं काम वनस्पतिशास्त्रात आजही महत्त्वाचं मानलं जातं. फुलं एप्रिल-मेमध्ये येतात. आम्हाला नुसत्या गळतीच्या पानांचा खच मिळाला. याच बांबूत हाब्रे राहतो, लाल पांडा. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या दोन माद्या २००३ साली या जंगलात आणून सोडल्या होत्या. आम्ही तासभर माना वर करून चाललो. हाब्रे दिसला नाही. दाजूने मात्र वाटेकडेची ताजी विष्ठा दाखवली, बांबूच्या हिरव्या चोथ्याने भरलेली, आणि सांगितलं की तो आपल्याला पाहत असणार.

काळपोखरी म्हणजे काळं तळं. आपल्या पुष्करणीचंच भावंड असावं ते नाव. चारी बाजूंनी प्रार्थनेच्या पताका, पाणी खरंच शाईसारखं. तिथला मुक्काम झाला आणि अमावास्या उजाडली.

काळपोखरीपासून सांदकफू फक्त सहा किलोमीटर, पण चढ चारशे पन्नास मीटरचा, आणि बराचसा शेवटच्या चारात. बिखेभंज्यांग लागलं. बिख म्हणजे विष. सांदकफू या लेपचा नावाचाही अर्थ विषारी झाडाची उंची असा सांगतात. झाड कोणतं ते दाजूने काठीने दाखवलं. गुडघाभर उंच, वाळलेली बोंडं. मी ओळखलं. आमच्याकडे वैद्य शुद्ध करून वापरतात तो बचनाग. तो मूळचा इथला. मी वाकून पाहत होते तेवढ्यात धाकटा पुढे निघून गेला. “बिस्तारै!” दाजू ओरडला. पहिल्यांदाच ओरडला. धाकट्याने मागे वळून हात हलवला आणि वळण पार केलं.

सांदकफूला, ३,६३६ मीटरवर, आम्ही पोहोचलो तेव्हा तो लॉजच्या पायरीवर बसला होता. “जरा डोकं ठणकतंय,” म्हणाला. “चहा घेतला की बरं वाटेल.”

चहाने वाटलं नाही. संध्याकाळी लॉजच्या पोरींनी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पिठाची पावलं काढली. लक्ष्मीची पावलं, अगदी आपल्यासारखी, आत येणारी. बाहेर पणत्या ठेवल्या तर वाऱ्याने एक टिकेना, म्हणून सगळ्या खिडकीच्या आतल्या काठाला मांडल्या. मी जबलपूरहून नेलेल्या लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवला. पोरी भैलोची, म्हणजे या सणाची, गाणी गाऊ लागल्या, सगळे टाळ्या वाजवत होते. धाकट्याने ताट बाजूला सारलं. मग बाहेर जाऊन ओकला.

दाजू उठला. त्याने कुणाला घाबरवलं नाही, आवाजही चढवला नाही. धाकट्याला व्हरांड्यात, जिथे फरशीची सरळ रेघ होती, उभं केलं. “या रेघेवर चाला. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत. दहा पावलं.” धाकटा चालला. डुलला नाही. “नाव? आज कोणता सण? दिदीचं घर कुठल्या गावात?” त्याने उत्तरं दिली. दाजूने मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता चालला, म्हणजे रात्र इथे काढता येईल. दर दोन तासांनी मी उठवणार. पाय डुलला, बोलणं अडखळलं, धाप बसूनही थांबली नाही, तर त्याच क्षणी खाली. अंधार असो, काही असो. तुमची सॅक भरून ठेवा, बूट हाताशी.”

मी सॅक भरली. ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. बाहेर अमावास्येचं आभाळ, तारे इतके की काळोखाला जागा नाही. आत खिडकीतल्या पणत्या एकेक करून विझत गेल्या. दाजू खुर्ची ओढून धाकट्याच्या खाटेशी बसला होता, मांडीवर कोमट पाण्याची बाटली. अकराला उठवलं. एकला उठवलं. तीनला. दर वेळी तीच रेघ, तीच दहा पावलं, टॉर्चच्या उजेडात. तीनच्या फेरीला धाकट्याच्या तोंडून आपण होऊन शब्द आला, “दाजू, थोडं पाणी.” त्याने मानेभंज्यांगपासून तोवर त्याला ‘गाईड’ असंच म्हटलं होतं.

अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही हा त्रास होऊ शकतो. तगड्या माणसाला होतो, पंचवीस वर्षं डोंगर चढलेल्याला होतो. वेगात चढणाऱ्याला जास्त. तो वाढू लागला तर उपाय एकच, खाली उतरणं. हे मी वाचलं होतं. पण कुठली पायरी ओलांडली की उतरायचं, हे माणसाच्या चेहऱ्याकडे, त्याने टाकून दिलेल्या ताटाकडे, पावलाकडे पाहून ठरवायचं असतं. पहिल्या दिवशी दाजू मागून का चालत होता, ते मला त्या रात्री समजलं. तो वाट पाहत नव्हता, आम्हाला पाहत होता. वाट तर जीपच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असते. गाईडची सक्ती म्हणजे पैसे काढायचा धंदा, असं बोलणारी माणसं मला या प्रवासात तीन ठिकाणी भेटली. मी त्यांच्याशी वाद घातला आणि यापुढेही घालीन. आणि एक गोष्ट आणखी स्पष्ट लिहिते. सकाळी न्यू जलपाईगुडीच्या सव्वाशे मीटरवर गाडीतून उतरायचं आणि जीपने संध्याकाळी साडेतीन हजारांवर येऊन झोपायचं, ही आता रीतच होत चालली आहे. त्यात वयस्क आईवडील असतात, लहान मुलं असतात. शरीराला सवयीची एकही रात्र मिळत नाही. रस्ता सुधारला म्हणून उंची कमी होत नाही.

पाडव्याची पहाट झाली. धाकट्याचं डोकं हलकं झालं होतं, पण दुखत होतं. दाजूने आम्हाला दोघांनाही बाहेर आणलं.

आधी कांचनजंगेच्या माथ्यावर रंग आला. ८,५८६ मीटर, आणि सांदकफूपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आत. मग तो रंग तिच्या दोन्ही अंगांना पसरत गेला आणि आडवी झोपलेली आकृती उमटली. लोक तिला निजलेला बुद्ध म्हणतात. ज्या शिखरांनी तिचं डोकं बनतं त्यांतल्या मुख्याचं नाव कुंभकर्ण. निजलेल्यालाच ते नाव मिळावं, याचं मला फार नवल वाटलं. पश्चिमेला ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू. एव्हरेस्ट एकशे पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, मकालू त्याहून वीसेक किलोमीटर अलीकडे, म्हणून मकालूच थोरला दिसतो, आणि सगळ्यांत उंच शिखर ल्होत्से-मकालूच्या मधे मागे उभं असल्यासारखं. जगातल्या पहिल्या पाचांतली चार शिखरं एका नजरेत. धाकट्याने कांचनजंगेकडे बोट करून सांगितलं की १५ मे २०१९ ला पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण त्या माथ्यापर्यंत गेले होते. दाजूने विचारलं, “अगदी वर?” १९५५ मध्ये पहिल्यांदा चढलेले ब्राउन आणि बँड शेवटची काही पावलं मागेच थांबले होते, सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता म्हणून. पुष्कळांनी पुढे ती रीत पाळली. दाजूच्या दृष्टीने तो डोंगर म्हणजे देव आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न साधा होता. आम्हाला नक्की उत्तर देता आलं नाही.

उत्तरेकडे धार तशीच पुढे जात होती, पिवळ्या गवताची, मधे वठलेले पांढरे फर. तिच्या टोकाला फालुट, एकवीस किलोमीटर. बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ तिथे भेटतात. आम्ही दोन महिने त्या एका दिवसाची स्वप्नं पाहिली होती.

“फालुट नाही,” दाजू म्हणाला. “दिवसभर याच उंचीवर चालायचं. मधे पटकन खाली नेता येईल अशी वाट फारशी नाही. आज गुर्दुमला उतरायचं.”

मी धाकट्याकडे पाहिलं. तो वाद घालेल असं वाटलं. तो धारेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून बुटाच्या नाड्या घट्ट बांधू लागला. उतरताना बोटं पुढे घासू नयेत म्हणून बांधतात तशा.

गुर्दुमचा उतार तेराशे मीटरचा. फर संपला, गुरांस संपला, बांबू सुरू झाला, मग ओक. दर दोनशे मीटरला हवा दाट होत असल्यासारखी. दुपारी एका ओढ्यापाशी धाकटा म्हणाला, “ताई, भूक लागली.” दाजूने खिशातून उकडलेला बटाटा काढला. रात्रीपासून तो या वाक्याची वाट पाहत असावा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. गुर्दुमच्या घरात पहाटेपासून लगबग होती. घरची बाई आपल्या भावांसाठी टीका लावायची तयारी करत होती. मी आमचं ताट मांडलेलं पाहून तिने मला आपल्या पंगतीत ओढलं आणि एकेक गोष्ट शिकवली. आधी भावाला बसवून त्याच्याभोवती तेलाची धार धरत फिरायचं. मग केळीच्या पानाच्या सोप्याने कपाळावर पांढरी उभी रेघ ओढायची आणि तिच्यावर सात रंगांचे ठिपके द्यायचे, एकाखाली एक. गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ, जांभळी, कोरडी, महिनोन्‌महिने न कोमेजणारी बोंडं. तेल सुकेपर्यंत, फूल कोमेजेपर्यंत यमाने भावाला हात लावायचा नाही, अशी त्याच्याशी बोली. आपली यमद्वितीया ती हीच.

“आणि आता ओखर,” ती म्हणाली. उंबऱ्यावर अक्रोड ठेवला, माझ्या हाती नदीतला गोटा दिला. बहिणीने तो एका घावात फोडायचा. कारीट पायाखाली चिरडतो तसंच. नरकचतुर्दशीला राहून गेलेलं काम भाऊबिजेला माझ्या हाती आलं होतं. मी गोटा उचलला. मला अकराची फेरी दिसली, एकची, तीनची, टॉर्चच्या उजेडातली दहा पावलं. मी जीव खाऊन घाव घातला. अक्रोडाच्या ठिकऱ्या अंगणात उडाल्या.

दाजू भिंतीशी टेकून चहा पीत होता. त्याची बहीण खाली श्रीखोलाला राहते, दुपारी तिच्याकडे तो जाणारच होता. मी दुसरा पाट मांडला. त्याने कप ठेवला, टोपी नीट केली आणि धाकट्याच्या शेजारी येऊन बसला. तेलाची धार मी दोघांभोवती मिळून धरली. सातवा ठिपका देताना माझा हात जरा हलला, तर घरची बाई म्हणाली, “बिस्तारै, दिदी.”

दुपारी झुलत्या पुलावरून श्रीखोला ओलांडली, जीपने रिम्बिक सोडलं, आणि चौथ्या दिवशी मी सिव्हिल लाइन्समध्ये होते. धाकटा इटारसीमार्गे तसाच पुढे गेला. त्याच्या सॅकमध्ये त्या बाईने दिलेला एक अक्रोड होता, दुसरा माझ्या देव्हाऱ्यात आहे.

जानेवारीत एका संध्याकाळी फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज, रेंज तुटक. फालुटच्या वाटेवर बर्फ पडलं होतं, दाजू एक तुकडी घेऊन काळपोखरीहूनच परत फिरला होता. एप्रिलमध्ये गुरांस फुलेल, तेव्हा या, म्हणाला. एक दिवस जास्त काढून या, काळपोखरीला दोन रात्री राहू. मग त्याने ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं.

“भाईको टाउको?”

भावाचं डोकं कसं आहे.